लाल गोलाचा डबा

माझ्या स्वयंपाकघरात भिवापुरी तिखट ज्या डब्यात असतं, त्यावर हिब्रू अक्षरं आहेत. डबा प्लास्टिकचा, झाकण तपकिरी, समोर एक लाल गोल आणि त्यात चमच्याचं चित्र. तशाच दुसऱ्या डब्यात हळद आहे, तिसऱ्यात खिळे आणि कशाच्याही नसलेल्या किल्ल्या. देवघरात वातींचे दोन. आमच्याकडे धड असलेला डबा कोणी फेकत नाही. हे डबे भरलेले येतात आणि महिन्याभरात रिकामे होतात, ते कोण करतं, हा प्रश्न मला वर्षभर पडला नाही. मी रामदासपेठेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. माणसानं काय खाल्लं, ते त्याच्या रक्तावरून ओळखणं हा माझा धंदा. त्यामुळे ही चूक मला जास्त लागली.

डबे माझ्या नणंदेकडून येतात. ती इस्रायलला असते. कॉलेजातल्या वर्गमित्राशी लग्न केलं. त्याचे वडील इथे रेल्वेत होते, घराणं मूळ अलिबागकडचं, मराठी बोलणारे ज्यू. लग्नानंतर दोन-चार वर्षांत ती सगळी मंडळी तिकडे गेली. माझ्या सासूबाई लेकीशी तीन वर्षं एक शब्द बोलल्या नाहीत. मग तिकडे नातू झाला, फोटो आला आणि त्या बोलायला लागल्या. तेव्हापासून लेकीकडून आलेली कुठलीही वस्तू, मग ती साबणाची वडी का असेना, त्या आधी कपाळाला लावतात. तीन वर्षांचं व्याज असं फिटत असावं.

डब्यात असतं ब्रेडला लावायचं चॉकलेट. आठ वर्षांपूर्वी आम्ही दोघं तिकडे बारा दिवस राहून आलो, तेव्हा ते मी पहिल्यांदा पाहिलं. सकाळी साडेसहाला नणंद ओट्याशी उभी राही, पांढऱ्या ब्रेडचे आठ काप मांडी आणि सुरीनं तो तपकिरी लगदा असा भराभर फासत जाई, जसा गवंडी गिलावा करतो. दोन मुलांचे शाळेचे डबे. वर एक काकडी, ती मुलं परत आणत. नवरा सुरी धुवायच्या आधी चाटे. मोठा मुलगा सैन्यात जाण्याच्या वयाला आला होता, तोही तेच खाई. मी धाकट्याला डब्यावरचं वाचून दाखवायला सांगितलं. पहिला शब्द साखर, दुसरा तेल, कोको कुठेतरी खाली.

"यात चॉकलेट कमी आणि पाप जास्त आहे," मी म्हटलं.

"वहिनी, इथं प्रत्येक घरात हेच आहे," नणंद म्हणाली. "सगळ्या आयांना माहीत आहे काय आहे ते. सगळ्या ओरडतात आणि सगळ्या आणतात. कोणी मेलं नाही अजून."

"तुमच्याकडे पोळी करत नाहीत का?"

"सकाळी साडेसहाला? तुम्ही करा न."

माझ्याही घरी पोळ्या स्वयंपाकाच्या बाई करत.

पुढे तिकडे लढाई सुरू झाली. विमानं कधी चालू, कधी बंद. नणंदेला दोन वर्षं येता आलं नाही, पण येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती डबे येत राहिले. व्हिडिओवर तिने आईला घरातली पक्की खोली दाखवली. भोंगा वाजला की सगळ्यांनी आत जायचं, जाड दार लावायचं. तिथे फळीवर पाण्याच्या बाटल्या, बॅटरी, बिस्किटं आणि हा डबा. "आत बसलो की मुलं हेच बोटानं खातात," ती हसून म्हणाली. सासूबाई हसल्या नाहीत.

त्याच फोनवर सासूबाईंनी एक शंका काढली. डब्यावर लाल गोल आहे म्हणजे ते मांसाहारी का? आपल्याकडे हिरवा ठिपका शाकाहारी, लाल दिसला की बाजूला ठेवायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक. डोळ्यांना मोतीबिंदू असला तरी लाल रंग दिसत होता.

"अगं नाही वं आई," नणंद म्हणाली. "इथं दूध आणि मांस एका भांड्यातसुद्धा चालत नाही. त्यांचं सोवळं तुझ्याहून कडक आहे. लाल म्हणजे साखर जास्त, एवढंच."

"म्हणजे देवाले चालते?"

"तुझ्या देवाले पळते."

मी तेव्हा समोरच बसून मेथी निवडत होते. दोघी हसल्या, मीही हसले. त्या बोलण्यातलं कुठलं अर्धं सासूबाईंनी घेतलं आणि कुठलं सोडलं, ते मला फार उशिरा कळलं.

आता मोतीबिंदूचं. सासूबाईंचा उजवा डोळा जवळजवळ गेल्यात जमा होता, डावा त्याच वाटेवर. त्यांचं माहेर उमरेडचं, विणकरांचं. लुगड्याच्या काठावर बोट फिरवून त्या कुठला धागा चुकला ते सांगत, आणि आता त्यांना ताटातली भाजी कोणती ते विचारावं लागे. डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं: साखर खाली आणा, मग ऑपरेशन करू. पहिली तारीख गेली, कारण साखर दोनशे साठ. दुसरीही गेली, तेव्हा दोनशे ऐंशी.

मी घरात लष्करी कायदा लावला. भात बंद, बटाटा बंद, केळं बंद, ज्वारीची भाकरी आणि कारल्याचा रस सुरू. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "सून मले कडू पाजून पाजून मारून राहिली." तरी साखर हलेना. मग मी चोर शोधायला लागले. घरात दिवसभर सासूबाई आणि अकरापर्यंत स्वयंपाकाच्या बाई. मी बाईंना विचारलं, तुम्ही आईंना साखरेचा चहा देता का? त्या म्हणाल्या, नाही. मी म्हटलं, मग साखर काय आभाळातून पडते? त्यांनी हातातलं लाटणं ओट्यावर ठेवलं आणि नऊ वर्षांचं काम सोडून गेल्या. खरं सांगायचं तर मी काढलं. दुसऱ्या दिवसापासून पोळ्या माझ्या अंगावर आल्या.

त्याच आठवड्यात नणंदेने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. तीसेक माणसं आहेत त्यात, चुलत, मावस, भावकी. तिने लिहिलं: "आईचं ऑपरेशन दुसऱ्यांदा पुढे गेलं. वहिनी दिवसभर जगाचं रक्त तपासतात. घरच्या म्हातारीच्या ताटात काय पडतं ते कोण तपासणार?" खाली अकरा जणांनी हात जोडले. कोणी लिहिलं, "म्हातारपण वाईट." माझ्या नवऱ्याने अंगठा दाखवला. संध्याकाळी विचारलं तर म्हणाला, "मी पूर्ण वाचलंच नव्हतं." मी त्याला त्या दिवशी तिसऱ्यांदा तापवलेली भाजी वाढली. मी राग लगेच खर्च करत नाही.

पंधरा दिवसांनी लॅबमधलं मोठं मशीन बिघडलं, मला दुपारी घरी सोडलं. दार माझ्या किल्लीनं उघडून आत आले. सासूबाई देवघरात पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात चांदीची वाटी, तीत तपकिरी डोंगर. त्यांनी पाणी फिरवलं, घंटी वाजवली आणि देवाशी बोलल्या, जसं त्या रोज बोलत असतील.

"देवा, माह्यी लेक तिथं जे खाते तेच मी तुले देऊन राहिली. तिच्या घरावर नजर ठेव. तुह्यं पोट भरलं का तिच्या दाराशी उभा राहाय."

मग वाटी उचलून, शांतपणे, चमच्यानं सगळा प्रसाद संपवला. वाटी बोटानं पुसली. मी दारात, सहा फुटांवर उभी. त्यांना मी दिसले नाही.

मी चपला हातात घेऊन बाहेर गेले, पाच मिनिटं थांबले आणि बेल वाजवून परत आले. त्या झोपल्यावर देवघराचं खालचं कपाट उघडलं. तिथे मी कधी हात घालत नाही, ते त्यांचं राज्य. वातीच्या डब्यांमागे एक अर्धा डबा, एक पुढचा न उघडलेला. घंटी संध्याकाळीही वाजते, म्हणजे दुपारी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी. मी नवऱ्याला विचारलं, ते चॉकलेट तू खातोस ना? तो म्हणाला, "मला वाटलं तू खातेस."

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं ते कोणीही सांगेल. डबे उचलून फेकायचे, सासूबाईंना समजवायचं, डॉक्टरांना फोन करायचा. मी कपाट बंद केलं. कारण नणंदेला अखेर तिकीट मिळालं होतं, ती पाच दिवसांनी येत होती, आणि ऑपरेशनची तिसरी तारीख तिच्या मुक्कामातच धरली होती. मला ती समोर हवी होती.

ती आली. बॅगेतून आईसाठी शाल निघाली, भावासाठी शर्ट आणि अर्थातच दोन डबे. रात्रीच्या जेवणाला मी सगळ्यांसमोर म्हटलं, "ताई, तुम्ही ग्रुपवर लिहिलं ते बरोबर होतं. माझं लक्ष पुरत नाही. आता तुम्ही आहात तोवर आईंचं खाणं तुम्हीच बघा. मी मधे हात घालणार नाही."

ती जरा चमकली. मग म्हणाली, "बघते न. त्यात काय आहे?"

मी तिला बोट टोचायचं यंत्र दिलं, वही दिली, पथ्याचा कागद दिला. आणि रोज सकाळी ग्रुपवर मी एक ओळ टाकायला लागले: "आईंची उपाशीपोटी साखर २५५. देखरेख: ताई." दुसऱ्या दिवशी २६१. देखरेख: ताई. मी शुभ सकाळचं फूलसुद्धा जोडत होते. तिसऱ्या दिवसापासून हात जोडणारे गप्प झाले.

ती मनापासून करत होती, हे मी नाकारत नाही. भाकरी थापायला बसली, ती फाटली. कारली किसली. आईनं ताट सरकवलं की विनवण्या केल्या. सासूबाईंनी मला वीस वर्षं जे ऐकवलं ते लेकीला चार दिवसांत ऐकवून टाकलं.

"तिथून एवढ्या दूर मले उपाशी मारायले आली का वं?"

"आई, तुझ्याच डोळ्यासाठी करून राहिली न मी."

"सून तरी बरी. थे कडू पाजते पण तोंड तरी वाकडं नाही करत."

मी भिंतीपलीकडे पोळी लाटत होते. असं वाक्य मला लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा मिळालं नव्हतं. एका रात्री नणंद ओट्याशी येऊन म्हणाली, "वहिनी, मला समजतच नाही. मी स्वतः वाढते, स्वतः बघते. मग कुठून येते साखर?"

"मलाही तेव्हा समजत नव्हतं," मी म्हटलं. "मी बाईंवर आळ घेतला होता. तुम्ही माझ्यावर. आता तुम्ही कोणावर घेता ते बघू."

ती खाली मान घालून गेली. सांगायला तीच वेळ चांगली होती. मी सांगितलं नाही. देवघरात घंटी वाजत होती.

तारखेच्या दिवशी आम्ही तिघी दवाखान्यात गेलो. नर्सनं बोट टोचलं, आकडा पाहिला, आत गेली. डॉक्टर स्वतः बाहेर आले. म्हणाले, तिसऱ्यांदा. घरी यांच्या खाण्याचं कोण बघतं?

 मी म्हटलं, "अकरा दिवसांपासून ह्याच बघतात. यांची मुलगी. खास इस्रायलहून आल्यात."

सोळा दिवस मी या वाक्याची वाट पाहत होते. ते मी ठरवलं होतं तितक्याच शांतपणे बोलले, आणि बाकावर बसलेल्या दोन अनोळखी बायांनीसुद्धा नणंदेकडे वळून पाहिलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

मग डॉक्टर म्हणाले की उजवा मोतीबिंदू आता दगडासारखा झालाय, आणखी लांबवलं तर डोळ्यातलं प्रेशर वाढेल आणि नंतर ऑपरेशन करूनही उपयोग नाही. एक महिना देतो. हे मला माहीत नव्हतं. मी रक्तातली आहे, डोळ्यातली नाही.

गाडीत सासूबाई मधे बसल्या होत्या. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "मले आता दिसन का नाही वं?" कोणाला विचारलं ते कळलं नाही. नणंद खिडकीकडे तोंड करून रडायला लागली. मी उत्तर दिलं, "दिसेल." आणि घर येईपर्यंत मी एकाच गोष्टीचा हिशेब करत होते, सोळा दिवस गुणिले दोन वाट्या.

घरी पोचताच मी चपलाही काढल्या नाहीत. देवघरातलं कपाट उघडलं आणि सगळे डबे नणंदेसमोर मांडले.

"ही घ्या तुमची साखर."

तिने एक डबा उघडून पाहिला. चमचा आतच होता. "आई, हे काय करून राहिली वं तू?"

"नैवेद्य आहे," सासूबाई म्हणाल्या. "प्रसादानं साखर वाढत नाही."

"कोणी सांगितलं तुला?"

"तूच म्हणे, देवाले पळते म्हणून."

नणंद खाली बसली. मला वाटलं होतं ती आईवर ओरडेल. ती माझ्याकडे वळली. लेक हुशार आहे, उशिरा का होईना हिशेब जमतो तिला.

"वहिनी, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"तुम्ही यायच्या पाच दिवस आधीपासून."

"आणि तुम्ही रोज ग्रुपवर आकडे टाकत होत्या?"

"देखरेख तुमची होती ना."

"तो डोळा गेला असता वहिनी."

"हो," मी म्हटलं. "आणि नाव माझं गेलंच होतं."

 सासूबाईंना एवढंच समजलं की डबे जप्त होणार. त्या म्हणाल्या, माझ्या लेकीच्या घरावर काही झालं तर तुम्ही दोघी जबाबदार. यावर नणंद काय बोलणार? तिनेच त्या पक्क्या खोलीतली फळी आईला दाखवली होती. तोडगा शेवटी मी काढला: न उघडलेला डबा देवापुढे ठेवायचा, पाणी फिरवायचं आणि तसाच परत कपाटात. देवाला झाकण उघडायला माणसं लागत नाहीत. सासूबाई दोन दिवस लेकीशी बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी तयार झाल्या. कपाटाची किल्ली माझ्याकडे आली.

नणंदेला मी म्हटलं, "ग्रुपवर लिहा."

"काय लिहू?"

"जे झालं ते."

तिने लिहिलं. चार ओळी, त्यात एकही 'पण' नाही. मी सोळा दिवस गप्प राहिले, हे तिने लिहिलं नाही. हा तिचा मोठेपणा की तिच्या परीनं मारलेला फटका, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. खाली पुन्हा अकरा जणांनी हात जोडले, आणि माझ्या नवऱ्याने या वेळी वाचून अंगठा दाखवला.

तीन आठवड्यांत साखर खाली आली. ऑपरेशन झालं, डोळा वाचला, दिसतं. पण नणंदेचं तिकीट त्याआधीचं होतं. एकदा तिने पुढे ढकललं, दुसऱ्यांदा जमेना. पट्टी काढली तेव्हा सासूबाईंनी आधी विचारलं, "माह्यी लेक कुठं आहे?" मी फोन समोर धरला. त्यांनी लेकीला दोन वर्षांनी स्वच्छ पाहिलं ते तळहाताएवढ्या काचेवर. ती घरात महिनाभर होती, हाताच्या अंतरावर, तेव्हा त्यांना नुसता आकार दिसत होता. हे माझ्यामुळे झालं. पहिल्याच दिवशी बोलले असते तर तारीख मिळाली असती. मी हे कोणाला सांगितलेलं नाही, आणि नणंदेने कधी काढलेलं नाही. पुन्हा वेळ आली तर मी सूड घेईन का? घेईन. पाच दिवसांत आटोपेन.

एक काम राहिलं होतं. मी स्वयंपाकाच्या बाईंकडे गेले. त्या आता मागच्या गल्लीत दोन घरी करतात. दारातच उभं राहून सांगितलं, चूक माझी होती, साखर कुठून येत होती ते सापडलं, तुम्ही परत या.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पाणी दिलं. मग म्हणाल्या, "सापडली न चोरी? बरं झालं बाई. मी कोणाले सांगतलं नव्हतं तुमी मले काहून काढलं ते. आता सांगीन."

"आणि कामाचं?"

"तुमच्या हाताले सवय झाली असन आता. करा न तुमीच पोया."

  त्यांनीही राग लगेच खर्च केला नव्हता.

म्हणून आता रोज साडेपाचला मी ओट्याशी असते. लॅबला निघायच्या आधी बारा पोळ्या होतात. सासूबाई समोर खुर्ची टाकून बसतात. त्यांना आता लुगड्याचा धागा दिसतो, कोपऱ्यातलं जाळं दिसतं, आणि पोळीवरचे काळे डागही. ते त्या मोठ्यानं मोजतात.